साउनाच्या खोलीतलं अस्वल

ताम्पेरे, २ मे

प्रिय सुलेवीमामा,

सोमवारी तुझ्या दारात एक ट्रक येईल. त्यातून जी वस्तू उतरेल ती टीव्ही नाही, न्हाव्याची खुर्ची नाही आणि आईने तुझ्या वाढदिवसासाठी पाठवलेलंही काही नाही. ती माझ्या कंपनीची आहे. तिला कुऱ्हाड लावू नकोस.

नीट सांगते. आम्ही जंगलातून ओंडके उचलून रस्त्यापर्यंत आणणारं नवं यंत्र तयार करतोय. आठ चाकं, मागे चौदा टन लाकूड, मध्ये क्रेन. नाव ठेवलंय ‘अस्वल’. पण हे अस्वल अजून जन्मलेलं नाही. त्याचा एक बोल्टही कुणी बनवलेला नाही. ते सगळं संगणकात आहे, आणि तिथे त्याचं वजन, चाकं, तेलाचा दाब सगळं खऱ्यासारखंच वागतं. तुमच्या काळी आधी यंत्र बनवायचे आणि मग जंगलात नेऊन मोडायचे. आम्ही आधी मोडतो, मग बनवतो.

ट्रकमधून येईल तो सिम्युलेटर. हलणाऱ्या पाटावर केबिनची खुर्ची, दोन दांड्या, पायाखाली पेडल आणि समोर तीन पडदे. अडतीस वर्षं तू अशी यंत्रं चालवलीस. रोज दोन-तीन तास यावर बस आणि चालवायचास तसंच चालव. आमच्या ऑफिसातला चाचणीचालक फार शहाण्यासारखा चालवतो. मला खरा माणूस हवाय.

कंपनीची गुपितं असल्यामुळे इंटरनेट जोडायचं नाही. रोजची नोंद आपोआप पेनड्राइव्हवर होते. दर आठवड्याला तो पाकिटात घालून पाठव, आणि सोबत पत्र लिही. फोनवर तू “हो” म्हणतोस, “नाही” म्हणतोस आणि ठेवून देतोस. त्यावरून यंत्र बनवता येत नाही.

तुझी,
केर्त्तू


होंकाकोर्पी, ११ मे

केर्त्तू,

ट्रक आला. ड्रायव्हर दक्षिणेकडचा होता, म्हणजे बोलका. सामान उतरेपर्यंत मला त्याच्या तिन्ही लग्नांची माहिती झाली.

वस्तू घराच्या दारातून जाईना. दार काढलं, चौकट काढली, तरी जाईना. मग साउनाच्या बाहेरच्या खोलीत ठेवली. आता वाफेच्या अंघोळीला जायचं तर एका बाजूने केबिनमध्ये चढून दुसऱ्या बाजूने उतरावं लागतं. कपडे काढलेल्या माणसाला ते शोभत नाही, पण घर माझं आहे.

आता तुझ्या जंगलाबद्दल. तिथे डास नाहीत. मे महिना, पाणथळ जागा आणि एक डास नाही? काहीतरी भयंकर घडून गेलेलं असणार तिथे. आणि बर्चची झाडं! अगं, ते एकच झाड आहे. तेच तुम्ही हजारो वेळा लावलंय. डाव्या बाजूची मोडकी फांदी प्रत्येकाला आहे. पहिल्या दिवशी मला वाटलं मी रस्ता चुकलो आणि गोल गोल फिरतोय.

दुसऱ्या दिवशी मागचं चाक अडकलं. अशा वेळी खाली उतरून चाकाला लाथ मारायची माझी सवय. उतरलो, मारली. चाक नव्हतं, साउनाची पाण्याची टाकी होती. अंगठा काळानिळा झालाय. हेही नोंदीत घाल.

बाकी सांगण्यासारखं काही नाही. शेजारची आउने वेलदोड्याचे पाव घेऊन आली होती. थोडा वेळ मागे उभी राहून बघत होती. मग गेली. एवढंच.

सुलेवी


ताम्पेरे, २१ मे

प्रिय मामा,

दोन्ही पेनड्राइव्ह मिळाले. दुसऱ्याला मोहरीची चटणी लागली होती, पण चालला.

आधी सकाळच्या नोंदी. यंत्र सुरू होतं, वीस मिनिटं चालतं आणि मग पाऊण तास उभं राहतं. तळ्याच्या काठावर तर ते दोन तास उभं होतं. आमचं तळं हे नुसतं चित्र आहे मामा, त्यात मासे नाहीत.

पण दुपारच्या नोंदी! मामा, त्या पाहायला अख्खं ऑफिस माझ्या टेबलाभोवती जमलं. क्रेन एकदाही थांबत नाही, एकदाही हिसका देत नाही. एक ओंडका ठेवता ठेवता दुसऱ्याकडे वळते. कुणीतरी म्हणालं, “हा माणूस विणकाम करतोय.” मी छाती फुगवून सांगितलं, माझा मामा आहे.

मग मी बाकीचे आकडे पाहिले आणि घाबरले. खुर्चीखाली वजन मोजणारा काटा असतो. सकाळी तुझं वजन चौऱ्याण्णव किलो भरतं. दुपारी एकसष्ट. रोज! आणि गेल्या मंगळवारी दोनशे बहात्तर. काटा बिघडला म्हणावं तर बाकी दिवस ग्रॅमचाही फरक नाही. तुला बरं वाटत नाही का? आईला सांगायला नको होतं, पण सांगून बसले. ती रडतेय आणि तुला राय धान्याची लापशी पाठवतेय.

आणखी एक. ओढ्याजवळच्या उतारावर अस्वल चार वेळा उलटलं. चारही वेळा दुपारी, एकाच जागी. तू इतका सुंदर चालवतोस आणि तिथेच काय होतं?

केर्त्तू


होंकाकोर्पी, २८ मे

केर्त्तू,

मी ठणठणीत आहे. माणूस सकाळी जेवतो, म्हणून जड असतो. दुपारी साउनात घाम काढतो, म्हणून हलका होतो. यात रडण्यासारखं काय आहे? हिल्काला सांग, लापशी मिळाली. तीन किलो आहे. बहिणीची माया समजू शकतो, पण तीन किलो?

मंगळवारचं वजन तुझ्यामुळेच झालं. “अस्वल उलटलं, अस्वल उलटलं” असं मी दुकानात म्हणालो असेन एक-दोनदा. दुकानदारीणबाईंनी ते पुढे नेलं. तर मंगळवारी शिकारमंडळाचे तिघे बंदुका आणि कुत्रा घेऊन अंगणात हजर. “सुलेवी,” म्हणाले, “साउनाच्या खोलीत अस्वल कोंडून ठेवणं कायद्यात बसत नाही.” मी दार उघडून दाखवलं. दहा मिनिटं ते यंत्राभोवती फिरले. मग त्यांच्यातल्या थोरल्याने विचारलं, “बसून बघू का?” तो बसला, तर बाकीच्यांना धीर निघेना, तेही चढले. पाट कुरकुरला. कुत्राही मधे घुसला, त्याचं वजन त्यात धर. संध्याकाळपर्यंत हलले नाहीत. आता रोज येतात आणि सहज इकडून चाललो होतो म्हणतात. होंकाकोर्पीत सहज कुठूनही कुठे जाता येत नाही, हे तुलाही माहीत आहे.

ओढ्याच्या उताराचं ऐक. तिथे चूक अस्वलाची आहे. मागे माल पूर्ण भरलेला, यंत्र उताराला आडवं, आणि क्रेन खालच्या बाजूला लांबवली की पुढचं चाक उचलतं. मग जातं. क्रेनचा पाया चुकीच्या जागी बसवलाय. तुमचा ऑफिसातला चालक उलटत नाही, कारण तो फक्त वरच्या बाजूचे ओंडके उचलत असणार. खालच्या बाजूचे कोण उचलणार, त्याची मावशी?

सुलेवी


ताम्पेरे, ४ जून

मामा,

तू म्हणालास ते खरं निघालं. आमच्या चालकाने त्या उतारावर दीडशे फेऱ्या केल्या, आणि एकदाही खालच्या बाजूचा ओंडका उचलला नाही. विचारलं तर म्हणाला, “तिकडे धोका वाटतो.” नोंदवहीत मात्र त्याने हे लिहिलं नाही. तिथे लिहिलंय, “उतार उत्तम पार केला.”

मी हे घेऊन योर्माकडे गेले. योर्मा माझा वरिष्ठ. माणूस वाईट नाही, पण त्याने स्वतः बनवलेल्या संगणकातल्या नमुन्याला कुणी नाव ठेवलं की त्याचे कान लाल होतात. तो म्हणाला, “उतार नियमात बसतो, जमीन कठीण धरली आहे, आकडे बरोबर आहेत. म्हणजे चूक माणसाची. तुझा मामा म्हातारा झालाय, केर्त्तू.” जूनअखेर आराखडा कारखान्यात जाणार आहे. जुलैत सगळा देश सुट्टी घेऊन तळ्याकाठी जाऊन बसतो, त्यामुळे त्याआधी पोलाद कापायला द्यायचं म्हणे. एकदा पोलाद कापलं की क्रेनचा पाया कुणी हलवत नाही. पडद्यावर उलटलं तर आपण हसतो. खरं उलटेल तेव्हा आत कुणीतरी बसलेलं असेल. मला झोप लागत नाही रे.

मी फार भांडले, तेव्हा योर्मा म्हणाला, “मी स्वतः जाऊन बघतो.” १६ जूनला तो तुझ्याकडे येतोय.

म्हणून आता खरं सांग. दुपारी खुर्चीवर कोण बसतं? साउनाची गोष्ट आईला पटली, मला नाही. कारण दुपारी ती खुर्ची अठरा सेंटिमीटर पुढे ओढलेली असते. घाम काढल्याने पाय आखूड होतात का, मामा?

केर्त्तू


होंकाकोर्पी, ९ जून

केर्त्तू,

पाय आखूड होत नाहीत.

आउने बसते. पाव घेऊन आली त्या दिवशीच बसली. मी कॉफी ओतायला घरात गेलो होतो. परत आलो तर ही दांड्या धरून ओंडके रचतेय, आणि असे रचतेय की मी दारातच उभा राहिलो, हातातली कॉफी गार झाली. मी अडतीस वर्षांत असे रचले नाहीत. हे मी एकदाच लिहितोय, पुन्हा विचारू नकोस.

तुला का नाही सांगितलं? तुझ्या कागदावर ‘अनुभवी चालक’ असं लिहिलंय. ती अनुभवी चालक नाही. ती बारा वर्षं लाकूडतोडीच्या तळावर स्वयंपाक करायची. रोज दुपारी जेवण घेऊन प्रत्येक यंत्रापाशी यायची, पायरीशी उभी राहायची, डबे रिकामे व्हायची वाट बघायची. आम्हाला वाटायचं डब्यांकडे बघतेय. ती आमच्या हातांकडे बघायची.

आणि दुसरं कारण. एकोणऐंशी साली एका दुपारी ती मला म्हणाली होती, “सुलेवी, पाच मिनिटं बसू देतोस?” मी म्हणालो, “सूप गार होतंय.” एवढंच म्हणालो. सगळे हसले. मी सगळ्यांत मोठ्याने.

परवा मी तिला विचारलं, आठवतं का? ती म्हणाली, “वाटाण्याचं सूप होतं. गुरुवार होता.” आणि परत पडद्याकडे वळली.

उतारावर उलटली तीही तीच. पहिल्यांदा नकळत. पुढच्या तिन्ही वेळा मुद्दाम. नेमकं कुठल्या क्षणाला चाक उचलतं ते तिला बघायचं होतं. तुझ्या त्या योर्मापेक्षा तीच इंजिनिअर शोभते. त्याला येऊ दे. मी त्याला दाखवतोच, म्हातारं कोण ते.

सुलेवी


ताम्पेरे, १२ जून

मामा,

तू त्याला काहीही दाखवायचं नाहीस! आकडे दाखवले की तो दुसरे आकडे काढतो. वाद घातला की त्याचे कान लाल होतात आणि मग ऐकू येणं बंद होतं. त्याला खुर्चीवर बसव, उतारावर जाऊ दे आणि गप्प राहा. तुला गप्प राहता येतं, तू माझ्या शाळा संपल्याच्या समारंभात चार तास गप्प होतास.

आउनेमावशींना सांग, मी त्यांच्या नोंदी पुन्हा पुन्हा बघते. आणि घडेल ते त्यांनाच लिहू दे. तू लिहिलंस तर योर्मा रडला असंच लिहिशील.

केर्त्तू


होंकाकोर्पी, १७ जून

केर्त्तू, मुली,

आपण भेटलो नाही. सुलेवी सांगतो की तू मला लिहायला सांगितलंस. लिहिते.

तुमचा योर्मा सकाळी दहाला आला. पायात शहरातले पातळ बूट. तीनदा कॉफी दिली, तीनदा प्यायला. मला ‘मदतनीस’ म्हणाला. सुलेवीचा चेहरा बघण्यासारखा झाला, पण मी त्याच्या पायावर पाय ठेवला. दुखऱ्याच अंगठ्यावर पडला वाटतं.

मग तो खुर्चीवर बसला. बरं चालवतो. मागे माल भरला, ओढ्याशी गेला, खालच्या बाजूला क्रेन लांबवली आणि उलटला. पाटही खाली कलला, तो दोन्ही हातांनी पडद्याला धरून लोंबकळला. म्हणाला, “दांडी सैल आहे.” पुन्हा गेला, पुन्हा उलटला. म्हणाला, “बर्चचं झाड मधे आलं.” शिकारमंडळाचे तिघे मागे बाकावर बसून मोजत होते. पाचव्यांदा उलटला तेव्हा कुत्रा उठून बाहेर गेला.

सहाव्यांदा मी म्हटलं, “उठा, मी दाखवते.” मी बसले, त्याच जागी गेले आणि चाक उचलायला लागलं त्या क्षणी ओंडका सोडून दिला. यंत्र सावरलं. तो म्हणाला, “बघा, चालकाला जमतं की!” मी म्हटलं, “मला जमतं, कारण मी चार वेळा मेलेय. शाळेतून शिकून आलेला चालक पहिल्याच वेळी मरेल. दुसऱ्यांदा बसायला तो असणार नाही.”

यावर त्याने खांदे उडवले. पण कान लाल झाले. तेव्हा मला वाटलं, हा आता आकडे काढणार. म्हणून मी त्याला घराच्या मागे घेऊन गेले. तिथेही एक ओढा आहे, तेवढाच उतार आहे. म्हटलं, “तुमच्या नमुन्यात ही जमीन कशी धरलीय?” म्हणाला, “कठीण.” म्हटलं, “उभे राहा तिथे.” तो शेवाळावर उभा राहिला आणि गुडघ्यापर्यंत आत गेला. डावा पाय वर आला, बूट आला नाही. सुलेवीने काठीने शोधला, शिकारमंडळाने शोधला. कुत्र्याला वास दिला. बूट गेला तो गेलाच.

तो तिथे बराच वेळ एका पायावर उभा होता. डास त्याला खात होते, त्याचं लक्ष नव्हतं. मग तो हळूच म्हणाला, “कठीण जमिनीवरसुद्धा उलटतंय. इथे तर खालचं चाक रुतेल.” मी म्हटलं, “हो.” तो म्हणाला, “माझं चुकलं.” केर्त्तू, हे वाक्य मी तळावर बारा वर्षांत एकाही पुरुषाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. म्हणून मी त्याला पाव दिले.

मग साउना तापवला. तो केबिनवरून चढून उतरून आत गेला. तास-दीड तास तो आणि सुलेवी आत बसले, एक शब्द कुणी बोललं नाही. बाहेर आल्यावर सुलेवी म्हणतो, “फार चांगला माणूस आहे.”

जाताना त्याने सांगितलं ते असं: आराखडा जूनमध्ये जाणार नाही. क्रेनचा पाया मागे घेऊन बघणार, मागचा सांगाडा रुंद करणार आणि नमुन्यात चिखल घालणार. मला विचारलं, चिखल किती घालू? मी म्हटलं, तुमचा बूट किती खोल गेला तेवढा.

सुलेवीचे रबरी बूट घालून तो ताम्पेरेला गेलाय. ते परत पाठव.

आउने


ताम्पेरे, २० ऑगस्ट, पुढचं वर्ष

प्रिय मामा आणि आउनेमावशी,

वर्षभरात पन्नासेक पेनड्राइव्ह आले-गेले, आता हे शेवटचं पाकीट. अस्वल बनलं! खऱ्या पोलादाचं, खऱ्या चाकांचं. काल कारखान्यातून बाहेर आलं आणि त्याला हात लावताना मला उगाच रडू आलं.

सप्टेंबरमध्ये त्याची पहिली खरी चाचणी. जागा योर्मानेच निवडली आहे, तुमच्या घरामागचा ओढा. जमीनमालकाची परवानगी काढली, वनखात्याची काढली. चालक म्हणून त्याने आउनेमावशींचं नाव लिहिलंय. सुरक्षेचं प्रशिक्षण घ्यायला त्या कुह्मोला तीन आठवडे जाऊन आल्या हे मला योर्माकडून कळलं! मामा, तू एका शब्दाने बोलला नाहीस. आणि त्या तीन आठवड्यांत तू आईला सात फोन केलेस. आई म्हणते, तू काही बोलत नव्हतास, नुसता होतास.

मी येऊ शकत नाही. आभासी यंत्रं बनवणारी मी ऑफिसच्या खऱ्या जिन्यावरून पडले. पाय प्लॅस्टरमध्ये आहे. तेव्हा डोळ्यांनी बघशील ते सगळं लिही. सगळं.

केर्त्तू


होंकाकोर्पी, ११ सप्टेंबर

केर्त्तू,

ओढ्याजवळच्या एका बुंध्यावर बसून लिहितोय. मांडीवर फळी आहे, त्यामुळे अक्षराला हसू नकोस.

आज सकाळी नऊला झालं. अर्धं गाव आलं होतं, म्हणजे एकोणीस माणसं. आउने केबिनमध्ये चढली. नवा निळा डगला घातला होता. तिने दोन-तीन वेळा दांड्या हलवून बघितल्या आणि निघाली. मागे माल पूर्ण भरला. मग ओढ्याच्या उताराला यंत्र आडवं उभं केलं आणि क्रेन खालच्या बाजूला लांबवली, अगदी होती तेवढी लांब. जाडजूड ओंडका पकडला. उचलला.

पुढचं चाक उचललं, केर्त्तू. वीतभर. मी बघितलं. पडद्यावर बघणं वेगळं आणि आपलं माणूस आत बसलेलं असताना बघणं वेगळं. मी नकळत दोन पावलं पुढे गेलो. तिने ओंडका सोडला नाही. ती थांबली. मग ते चाक खाली आलं, गाय बसते ना, तसं. आणि अस्वल तिथेच उभं राहिलं. खालची चाकं शेवाळात रुतलेली, पण उभं.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकजण खाकरला. मग माझ्या लक्षात आलं की योर्मा माझा हात घट्ट धरून उभा आहे. त्याच्याही लक्षात आलं. आम्ही हात सोडले आणि दोघंही झाडांकडे बघू लागलो.

मग मी काय केलं ते सांगतो, कारण तू सगळं लिही म्हणालीस. मी सरळ यंत्रापाशी गेलो, पायरीवर चढलो आणि विचारलं, “आउने, लग्न करतेस का माझ्याशी?” आधी ठरवलेलं काही नव्हतं. कुह्मोच्या त्या तीन आठवड्यांत मला कळलं होतं की पाव नसले तरी चालतं, ती नसली की चालत नाही. पण म्हणायचं धाडस आज झालं, त्या चाकामुळे.

तिने माझ्याकडे बघितलं. ओठ हलले. बहुतेक “बाजूला हो” म्हणाली. मी बाजूला झालो. तिने यंत्र वळवलं आणि गेली दुसरी खेप आणायला.

त्याला आता पाऊण तास झाला. तिसरी खेप चाललीय. विचार करतेय असं दिसतं. करू दे. एकाहत्तर वर्षांच्या बाईने घाई का करावी? योर्मा मघापासून विचारतोय, काय लिहितोस? मी सांगितलं, चाचणीचा अहवाल.

ती खाली उतरली की दुकानाकडे जाणार आहे. तिथेच टपालपेटी आहे, म्हणून पत्र तिच्याकडे देतो. पाकीट नीट चिकटवतो.

तुझा मामा,
सुलेवी


पाकीट नीट चिकटलेलं नव्हतं, दुकानापाशी उघडलं आणि मी वाचलं. केर्त्तू, मी केबिनमधून “हो” म्हणाले होते. तो हलेना म्हणून पुन्हा म्हणाले, आणि त्याने ऐकलं असं समजून खेप आणायला गेले. चौदा टन ओढणारं इंजिन चालू असताना असलं काही विचारतं का कुणी? आता कॉफी आणि थोडं काही गोड घेऊन परत जाते, त्याला बुंध्यावरून उठवते आणि तिसऱ्यांदा सांगते. तुझ्या आईला इतक्यात कळवू नकोस. ती लगेच फोन करेल, आणि तिसऱ्यांदाही त्याला ऐकू आलं नसलं तर माझ्याआधी तिच्याकडूनच कळेल.

आउने